बैलांना पाणी दाखवता, स्वतःला कधी?



गहू निघाला, हरभरा खळ्यावर आला, कांद्याची काढणी सुरू झाली. ऊन आता दिवसेंदिवस चढत जाणार. अशा दिवसांत दुपारी औत सोडले की घरधनी पहिले काम कोणते करतो? बैलांना पाणी दाखवतो. आपल्या पोटात दोन घास जायच्या आधी बैल हौदावर जातात. एखाद्या दिवशी बैलाने पाण्याला तोंड लावले नाही तर लगेच घरात चर्चा होते, कोणी त्याच्या कानाला हात लावून ताप पाहतो, कोणी डॉक्टरला बोलावून आणतो. दुभत्या गाईचे तर विचारूच नका. दुपारचे पाणी चुकले की संध्याकाळी चरवीत दूध कमी पडते, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते.

आता दुसरा प्रश्न विचारतो. काल दिवसभरात तुम्ही स्वतः किती पाणी प्यायलात? तुमच्या म्हाताऱ्या आईने किती प्यायले? सकाळी सात वाजता खुरपे घेऊन गेलेल्या घरच्या लक्ष्मीने, ती परत येईपर्यंत, किती वेळा तांब्याला हात लावला? शंभरातल्या नव्वद घरांत याचे उत्तर मिळणार नाही. जनावराच्या पाण्याचा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो, माणसांच्या पाण्याचा नसतो.

“त्यात काय मोठेसे? तहान लागली की माणूस पाणी पितोच,” असे तुम्ही म्हणाल. त्याचे असे आहे की, पाणी पिणे हे केवळ तहानेवर अवलंबून नसते. पाणी जवळ असावे लागते, थांबायला सवड असावी लागते, आणि प्यायलेले पाणी बाहेर टाकायला आडोसाही असावा लागतो. या तीन गोष्टी नसतील तर तहान लागूनही माणूस पाणी पीत नाही. म्हणून “जास्त पाणी प्या” असा नुसता उपदेश करून काही होत नाही. सोय केली तरच सवय लागते. आजच्या लेखात ही सोय कशी करायची, तेच पाहू.

शरीरातला माठ

मोठ्या माणसाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. हे पाणी लघवीवाटे, घामावाटे, श्वासावाटे सारखे खर्च होते. त्यातला घामाचा खर्च कशासाठी, हे नीट समजून घ्या. माठ पाझरतो, बाहेर आलेले पाणी वाऱ्याने उडून जाते, आणि उडताना माठाची उष्णता घेऊन जाते. म्हणून आतले पाणी गार राहते. आपली कातडी नेमके हेच करते. घाम येतो, सुकतो आणि अंगातली उष्णता काढून नेतो. माठातले पाणी संपले तर माठ गार राहील का? शरीराचेही तसेच. आत पाणी नाही तर घाम नाही, आणि घाम नाही तर अंगाची भट्टी झालीच म्हणून समजा.

कोकणातल्या वाचकांना अनुभव असेल की, दमट हवेत माठ विदर्भातल्यासारखा गार होत नाही. घामाचेही तेच होते. तो अंगावरून ओघळून जातो, पण सुकत नाही. त्यामुळे पाणी तर खर्च होते आणि गारवाही मिळत नाही. तेव्हा “आमच्याकडे चंद्रपूरसारखे ऊन कुठे आहे?” असे म्हणून किनाऱ्याकडच्या मंडळींनी निर्धास्त राहू नये.

कडक उन्हात कष्टाचे काम करणारा माणूस तासाला एक लिटरपर्यंत घाम गाळू शकतो, कधी त्याहूनही जास्त. पन्नास किलो वजनाच्या माणसाच्या अंगातले एक लिटर पाणी कमी झाले की त्याचे काम मंदावू लागते. डोके जड होते, चिडचीड होते, लक्ष लागत नाही, पायात गोळे येतात. हातात विळा किंवा कोयता असताना, समोर मळणी यंत्र चालू असताना लक्ष उडाले तर काय होते, ते सांगायला नको. दुपारनंतर मजूर “ढिले पडले” असे आपण म्हणतो. पुष्कळदा ते आळसाने ढिले पडलेले नसतात. दुपारी पाण्याविना कपाशी माना टाकते, तसाच हा प्रकार असतो.

तहानेचे आणि रंगाचे

घरी बसल्या माणसाला तहान बऱ्यापैकी खरे सांगते. पण उन्हातल्या कामात ती मागे पडते. कामाच्या नादात ती कळत नाही, आणि कळते तोवर अंगातले पाणी बरेच खाली गेलेले असते. “तहान लागल्यावर विहीर खणू नये” ही म्हण शेतातल्या माणसासाठी अगदी अक्षरशः खरी आहे. साठी-सत्तरी ओलांडलेल्यांची तहान तर वयाबरोबरच मंदावते. घोंगडीवर बसलेले आजोबा पाणी मागत नाहीत, याचा अर्थ त्यांना पाण्याची गरज नाही असा नव्हे. त्यांच्या हातात पेला नेऊन द्यावा लागतो.

मग पाणी पुरते की नाही हे ओळखायचे कसे? त्याची खूण प्रत्येकाजवळ आहे, आणि तिला पैसा लागत नाही. लघवीचा रंग पाहा. फिकट, गवताच्या काडीसारखा पिवळा असेल तर पाणी पुरते आहे. गडद पिवळा, मोहरीच्या तेलासारखा दिसू लागला, लघवी थोडी आणि जळजळत होऊ लागली, तर पाणी कमी पडले आहे. काही गोळ्यांनी रंग बदलतो, तेवढे ध्यानात ठेवा. पण भरपूर पाणी पिऊनही रंग लाल किंवा तपकिरी राहिला, तर डॉक्टरांना दाखवा.

किती प्यावे?

रोज अमुक पेले प्यायलेच पाहिजेत, असा सर्वांना लागू पडणारा आकडा नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सर्वसाधारण माणसाला दिवसाला सुमारे दोन लिटर, म्हणजे आठ पेले पाणी सांगितले आहे. तो पाया धरावा. ताक, कढण, वरण, आमटी, कलिंगड यांतूनही पाणी पोटात जाते. चहादेखील त्यात धरला तर चालतो. चहाने पाणी उलट कमी होते, हा समज फारसा खरा नाही. पण दिवसाचे सहा कप गोड चहा म्हणजे किती साखर, याचाही विचार करावा.

उन्हात काम असेल तर हिशेब बदलतो. अशा कामात दर वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे पाव लिटरच्या आतबाहेर, पाणी प्यावे असे कामगारांच्या आरोग्याचे जाणकार सांगतात. थोडे थोडे आणि वारंवार प्यावे. एकदम तांब्याभर पिऊन पोट तडीला नेऊ नये, आणि तासाला दीड लिटरच्या वरही जाऊ नये, कारण अंगातले मीठ त्याने पातळ होते आणि तेही धोक्याचे असते.

आता हा हिशेब शेतावर लावून पाहा. दर वीस मिनिटांना एक पेला म्हणजे तासाला पाऊण लिटर. सहा तासांच्या कामाला माणशी साडेचार लिटर. चार माणसे असतील तर अठरा लिटर. आपण मात्र सकाळी एक कळशी नेऊन बाभळीखाली ठेवतो आणि पाण्याची व्यवस्था झाली असे समजतो. दहा वाजेपर्यंत ती अर्धी होते, बारापर्यंत तळ दिसतो, आणि मग प्रत्येक जण दुसऱ्यासाठी राखून घोटभर पितो. इथेच पहिली चूक आहे. घरातली कळशी आणि तांब्या एकदा लिटरच्या मापाने मोजून घ्या. कितीत किती मावते ते ठाऊक झाले की अंदाज चुकणार नाही.

भगिनी पाणी का पीत नाहीत?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हा मुद्दा घरात मोठ्याने बोलला जात नाही, म्हणूनच इथे लिहितो. बंधूंनी तो जास्त लक्ष देऊन वाचावा.

कित्येक भगिनी शेतावर जाताना मुद्दाम पाणी पीत नाहीत. तहान नसते म्हणून नव्हे. पाणी प्यायले तर लघवीला जावे लागेल, आणि जायचे कुठे? ज्वारी उभी असते तेव्हा अडचण नसते. पण ज्वारी काढली, तूर कापली की रान उघडे पडते. बांधावर झाड नाही, ओढ्याला आडोसा नाही, पलीकडच्या वावरात माणसे काम करीत असतात. मग ती बाई सकाळी घोटभर चहावर निघते आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत ओठ घट्ट मिटून राहते. लग्नकार्याला जाताना, एसटीच्या लांबच्या प्रवासातही ती हेच करते. बांधकामावर आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचेही हेच आहे. पाळीच्या दिवसांत तर ही कोंडी दुप्पट होते.

याची किंमत तिचे शरीर मोजते. लघवी वरचेवर वाहून गेली तर जंतूही तिच्याबरोबर वाहून जातात. ती थोडी झाली, दाट झाली आणि तासन् तास साठून राहिली तर जंतूंना वाढायला सवड मिळते. मग जळजळ, ओटीपोटात दुखणे, सारखी लघवीची भावना, थंडी-ताप. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असल्यामुळे हा त्रास त्यांनाच अधिक होतो. गरोदर बाईला असे दुखणे झाले आणि ते अंगावर काढले, तर ते मूत्रपिंडापर्यंत चढू शकते आणि दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा धोका वाढतो.

नुसत्या पाण्याने यात किती फरक पडतो, ते पाहण्याजोगे आहे. बल्गेरिया देशात १४० स्त्रियांवर वर्षभर केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. या साऱ्या जणी दिवसाला दीड लिटरहून कमी पाणी पिणाऱ्या होत्या आणि त्यांना लघवीच्या जंतुदोषाचा वरचेवर त्रास होत असे. त्यांतल्या निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितले, बाकीच्यांना नेहमीप्रमाणे राहू दिले. वर्षअखेर हिशेब केला. नेहमीप्रमाणे राहिलेल्यांना सरासरी तीनाहून अधिक वेळा दुखणे झाले होते, तर जास्त पाणी पिणाऱ्यांना दोनाहून कमी वेळा. हा फरक केवळ पाण्याने पडला.

पण बंधूंनो, आपल्या घरच्या बाईला “तू पाणी पीत जा” एवढे सांगून तुमचे काम संपत नाही. तिला ते कळते. तिची अडचण कळण्याची नाही, जागेची आहे. ती जागा करून देणे तुमच्या हातात आहे. मोटारीच्या खोपीच्या मागे किंवा बांधाच्या कोपऱ्यात चार बांबू रोवा. तिन्ही बाजूंना गोणपाट, जुने शेडनेट किंवा तुराट्यांचा कूड लावा. आत एक लहान खड्डा, पाय ठेवायला दोन दगड, बाहेर पाण्याची बादली आणि साबण. विहिरीपासून मात्र ही जागा चांगली दूर आणि उताराच्या बाजूला असावी. दोन माणसांचे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. कांद्याच्या चाळीला आपण सावली करतो, रोपवाटिकेला करतो. घरच्या बाईला आणि मजूर बायकांना आडोसा करणे त्याहून अवघड नाही. शेते पांगलेली असतील तर गुंडाळून नेता येईल असा कापडाचा पडदाही चालतो.

घरी शौचालय आहे तिथेही एक गोष्ट पाहा. पाणी लांबून आणावे लागत असेल तर ते आणणारी बाईच सर्वांत कमी पाणी पिते. हंडा डोक्यावर वाहिलेला असतो, त्यामुळे त्यातला प्रत्येक तांब्या तिला मोजून खर्च करावासा वाटतो. आधी मुले, मग पुरुष, मग गुरे, आणि उरले तर आपण. पाणी आणण्याचे काम घरात वाटून घेतले तर तिच्याही वाट्याला पुरेसे पाणी येईल.

बाळंतिणीला पाणी कमी द्यावे, पाण्याने पोट सुटते, असा समज अजून पुष्कळ घरांत आहे. तो चुकीचा आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला उलट नेहमीपेक्षा सुमारे तीन पेले जास्त पाणी लागते. बाळ दूध पिताना तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरलेला असावा. बाळाला मात्र सहा महिने पुरे होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको, वरचे पाणीही नको. उन्हाळ्यातही त्या दुधात त्याला लागणारे सारे पाणी असते.

मुतखडा आणि मूत्रपिंड

मुतखड्याची कळ ज्याने सोसली आहे त्याला वेगळे सांगायला नको. एकदा खडा झालेल्याला पुन्हा होण्याचा संभव पुष्कळ असतो. इटलीतील पार्मा येथील डॉक्टरांनी पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ रोग्यांवर पाच वर्षे लक्ष ठेवले. १९९६ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. भरपूर पाणी पिणाऱ्यांत शंभरातल्या बारा जणांना पुन्हा खडा झाला, इतरांत शंभरातल्या सत्तावीस जणांना. खडा होऊन गेलेल्याने दिवसाला निदान अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, असा सल्ला आज डॉक्टर देतात. म्हणजे पिण्याचे पाणी त्याहूनही जास्त लागते, कारण घामाचा वाटा वेगळाच.

याहून गंभीर गोष्ट ऊसतोडीची आहे. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर आणि निकाराग्वा या देशांत ऊस तोडणाऱ्या कितीतरी तरुण मजुरांची मूत्रपिंडे निकामी झाली. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, वय चाळिशीच्या आत. त्या आजाराचे पुरते कारण अजून उलगडलेले नाही. पण रणरणत्या उन्हात सततचे कष्ट आणि दररोज अंगातले पाणी आटणे यांचा त्यात मोठा हात असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. म्हणून तिथल्या उसाच्या फडांत तीन गोष्टी सुरू झाल्या: पाणी, विसावा आणि सावली. आपल्याकडेही बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो जोडपी दर हंगामात फडावर येतात. ज्यांच्या शेतात तोड चालू आहे त्यांनी टोळीसाठी निदान पाण्याची टाकी, सावलीचे ठिकाण आणि बायकांसाठी आडोसा एवढे करावेच.

मजुरांच्या पाण्याबद्दल आणखी एक सांगतो. काही ठिकाणी अजूनही मजुराला वरून ओंजळीत पाणी ओततात. त्यामागे स्वच्छता असते की जात, हे ज्याचे त्याने मनाला विचारावे. १९२७ सालच्या २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्यावरचा माणसाचा हक्क सांगितला. ज्याला पाणी मागावे लागते, तो कमी पाणी पितो. माठ सर्वांना हात पोचेल असा उघड ठेवा, ओगराळे आणि धुतलेले पेले जवळ ठेवा, आणि ज्याचे त्याला घेऊ द्या.

सवय कशी लावायची?

आता रोजच्या सवयीकडे वळू. २०१० साली लंडनच्या एका विद्यापीठातील संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ९६ लोकांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एखादी साधी नवी सवय निवडली, आणि रोज ठरलेल्या प्रसंगीच ती पाळायची असे ठरवले. ती अंगवळणी पडायला किती दिवस लागले? कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवस लागतील असे दिसले. मधला आकडा ६६ दिवसांचा. आणखी एक दिलासा देणारी गोष्ट दिसली. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही. तेव्हा आठ दिवसांत कंटाळू नका. पाडव्याला सुरुवात केलीत तर मृगाच्या पावसापर्यंत सवय मुरू लागेल.

यातली युक्ती अशी की, “दिवसभरात जास्त पिईन” असे मोघम ठरवू नये. जे काम तुम्ही रोज न चुकता करता, त्याच्या शेपटीला पेला बांधावा. उदाहरणार्थ:

सकाळी तोंड धुतले की एक पेला. धारा काढून उठले की एक पेला. शेतावर निघताना पायात वहाणा घालण्यापूर्वी एक पेला. खुरपणीची एक पात संपली की एक पेला, पात लांब असेल तर अर्ध्यावर. औत किंवा ट्रॅक्टर असेल तर ठरावीक तासांनंतर धुऱ्यावर थांबून एक पेला. न्याहारीबरोबर, जेवणाबरोबर, दिवेलागणीला एक. रात्री लघवीला उठावे लागते अशांनी संध्याकाळनंतर बेताने घ्यावे आणि दिवसा भर द्यावा.

आणि पाणी डोळ्यांसमोर असावे. मागच्या पडवीतला माठ दिसत नाही म्हणून आठवत नाही. शेतावर कळशी एका टोकाला आणि माणसे दुसऱ्या टोकाला असे नको. पात पुढे सरकेल तशी कळशीही पुढे सरकली पाहिजे. हे काम घरच्या एखाद्या पोराकडे किंवा पोरीकडे सुटीत सोपवता येते. प्लॅस्टिकचा कॅन असेल तर त्याला ओले गोणपाट गुंडाळून सावलीत, वाऱ्याला ठेवा. माठाचाच गुण त्याला येतो.

मुलांचेही पाहा. शाळेतून भरलेली बाटली तशीच परत येते की नाही, ते रोज बघा. २०१९ साली केरळातल्या शाळांनी एक छान प्रघात पाडला. दिवसात ठरावीक वेळा पाण्याची घंटा वाजते आणि सारी मुले जागच्या जागी पाणी पितात. आपल्या गावच्या शाळेतही गुरुजींना आणि बाईंना हे सुचवून पाहा. मुलींसाठी शाळेचे स्वच्छतागृह उघडे, स्वच्छ आणि पाण्याचे आहे ना, हेही त्याच वेळी विचारा. ते कुलूपबंद असेल तर घंटा वाजूनही मुली पाणी पिणार नाहीत.

पाणी कसले, भांडे कसले?

जास्त पाणी प्यायचे तर ते चांगलेच हवे, नाहीतर जास्त पाणी म्हणजे जास्त जुलाब. पाणी चार पदरी सुती कापडातून गाळा. बांगलादेशात जुन्या साडीच्या निदान चार घड्या करून त्यातून पाणी गाळायला शिकवले, तेव्हा त्या गावांत पटकीचे रोगी जवळपास निम्म्याने घटले. हा अभ्यास २००३ सालचा आहे. जुनी साडी नव्या साडीहून चांगली, कारण धुवून धुवून तिचे धागे फुगून दाट बसतात. पण गाळण्याने सारे जंतू जात नाहीत. त्यापुढे पाणी खळखळून उकळावे, किंवा मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाकून अर्धा तास थांबावे. माठात हात बुडवू नये, लांब दांड्याचे ओगराळे वापरावे.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या डब्यातून किंवा कॅनमधून पिण्याचे पाणी कधीही नेऊ नका. कितीही धुतला तरी तो डबा निर्विष होत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. फवारणी करताना पाणी प्यायचे असेल तर आधी पंप बाजूला ठेवा, हात आणि तोंड साबणाने धुवा, मगच पेल्याला हात लावा. पिण्याचे पाणी फवारणीच्या जागेपासून दूर, झाकून ठेवा.

नुसते पाणी कधी पुरत नाही?

वेळच्या वेळी जेवण होत असेल तर भाकरी-कालवणातून मीठ मिळते, आणि साधे पाणी पुरते. घाम फार गेला तर मीठ घातलेले ताक, आंबील, कैरीचे पन्हे, कोकमाचे सरबत, लिंबूपाणी यांची जोड द्यावी. बाजारातल्या रंगीत बाटल्यांची काही गरज नाही.

जुलाब-उलट्या झाल्या तर मात्र साखर-मीठ-पाणीच हवे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडता कामा नये. आशाताईंकडे मिळणारी क्षारसंजीवनीची पुडी त्याहून चांगली. १९७१ साली बंगालमध्ये बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली, तेव्हा शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच साधे पाणी पिंपात कालवून रोग्यांच्या नातलगांच्या हाती दिले. शंभरात तीस रोगी दगावत होते, ते प्रमाण चारावर आले. घोटाघोटाने पाजलेल्या पाण्याचे हे बळ.

उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग चटका बसावे इतके तापले, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरी फसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुफ्फुसात जाते.

आणखी एक सावधगिरी. हृदय कमजोर असलेले, मूत्रपिंडाचा आजार असलेले, पायावर सूज असलेले, यांना डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलेले असते. त्यांनी हा लेख वाचून आपले माप वाढवू नये. आधी डॉक्टरांना विचारावे.

या आठवड्यात एवढे करा

एकदम सारे जमत नाही. या आठवड्यात तीनच कामे करा. घरातला तांब्या आणि कळशी मापाने मोजा. शेतावर माणशी किती पाणी लागते त्याचा हिशेब करून तेवढे न्या. आणि येत्या रविवारी बांधाच्या कोपऱ्यात चार बांबू रोवून आडोसा उभा करा. तिसरे काम पुरुषांनी करायचे आहे, कोणी सांगायची वाट न पाहता.

मग एखाद्या दुपारी पाहा, आडोसा झाल्यावर कळशी किती लवकर रिकामी होते ते. ती लवकर रिकामी झाली तर कुरकुरू नका, दुसरी भरून आणा. आणि संध्याकाळी बैलांना हौदावर नेताना आपल्यालाही एक पेला भरून घ्या.